मुलांचा मधुमेह, मोठ्यांचा मधुमेह : एका निदानाचा इतिहास

बेनेडिक्टचे निळे द्रावण आपल्यापैकी अनेकांनी प्रयोगशाळेत हाताळलेले असते. परीक्षानळीत ते घ्यायचे, त्यात ग्लुकोजचे थोडे द्रावण घालायचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. ग्लुकोज किती आहे त्यानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी लाल रंग येतो. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे द्रावण तयार केले. पुढे कित्येक दशके दवाखान्यांतून लघवीतली साखर याच पद्धतीने तपासली जात असे.

आता अशी कल्पना करू, की आपल्यासमोर दोन परीक्षानळ्या आहेत. एकीत आठ वर्षांच्या मुलीच्या लघवीचा नमुना आहे, दुसरीत पन्नाशीच्या गृहस्थांच्या. दोन्ही नळ्या लालभडक झाल्या. परीक्षानळीचे उत्तर एकच आहे, 'साखर आहे'. पण त्या मुलीला आज इन्सुलिन मिळाले नाही तर काही दिवसांत तिच्या जिवाला धोका आहे. गृहस्थांचा आजार बहुधा काही वर्षांपासून चालू असेल आणि आहार, व्यायाम आणि गोळ्या यांवर तो बराच काळ आटोक्यात राहू शकेल.

म्हणजे 'मधुमेह आहे का?' आणि 'कोणता मधुमेह आहे?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्राने पुष्कळ आधी दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधताना वैद्यकाने बराच काळ रुग्णाच्या वयाचा आधार घेतला. हा आधार कुठून आला, तो कुठवर खरा ठरला आणि कुठे फसवा निघाला, हे आपण या लेखात पाहणार आहोत.

कृश रुग्ण आणि स्थूल रुग्ण

मधुमेहाचे रुग्ण एकसारखे नसतात हे निरीक्षण फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : जन्मापासून येणारा तो 'सहज' आणि चुकीच्या आहारविहाराने होणारा तो 'अपथ्यनिमित्तज'. पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश, रुक्ष, कमी खाणारा आणि सतत तहानलेला, तर दुसऱ्या प्रकारचा रुग्ण स्थूल, खादाड आणि बैठ्या सवयीचा, असे वर्णन तेथे आहे. चरकसंहितेतही कृश रुग्णाला पोषण द्यावे आणि स्थूल, बलवान रुग्णाचे शोधन करावे, असा उपचारातला भेद केलेला आहे.

यावरून 'आजचे टाइप १ आणि टाइप २ आपल्या पूर्वजांना ठाऊक होते' असे विधान करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. टाइप १ मधुमेह जन्मजात नसतो, आणि स्वादुपिंडाचा या आजाराशी असलेला संबंध तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. मात्र एकाच नावाच्या आजाराचे दोन वेगळे चेहरे डोळसपणे नोंदले गेले, हे खरे. त्या निरीक्षणाचे मोल तेवढ्यानेही कमी होत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कॅपाडोशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, ॲरेटियस या वैद्याने मधुमेहाचे भेदक वर्णन केले. रुग्णाचे मांस आणि अवयव जणू वितळून लघवीवाटे वाहून जातात आणि आजार पूर्ण रूपात आला की आयुष्य फार उरत नाही, असे तो सांगतो. १६७४ मध्ये इंग्लंडच्या टॉमस विलिसने अशा लघवीची चव मधासारखी गोड असल्याची नोंद केली. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने लघवी आटवून तळाशी उरलेला पदार्थ साखरेसारखा असल्याचे दाखवले. रुग्णाच्या रक्तातला द्रवही त्याला गोडसर लागला. साखर मूत्रपिंडात तयार होत नसून रक्तातूनच येते, असा त्याचा अर्थ होता. १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रलने ही साखर द्राक्षातल्या साखरेसारखी, म्हणजे ग्लुकोज, असल्याचे ओळखले.

पहिला प्रश्न असा सुटला. दुसऱ्या प्रश्नाला हात घातला तो पॅरिसमधल्या एतियेन लांसरो या डॉक्टराने. १८८० च्या सुमारास त्याने 'कृश मधुमेह' आणि 'स्थूल मधुमेह' असे दोन प्रकार मांडले. कृश प्रकाराचा संबंध स्वादुपिंडाच्या बिघाडाशी असावा, असे त्याचे म्हणणे होते. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि त्या कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. लांसरोचा तर्क निदान अर्ध्या बाबतीत योग्य दिशेने होता.

इन्सुलिन आले आणि कोडे वाढले

इन्सुलिन मिळण्यापूर्वी मुलांमधल्या मधुमेहाचे निदान म्हणजे मृत्यूची सूचनाच होती. निदानानंतर मूल काही महिने, फार तर एक-दोन वर्षे जगे. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन जवळजवळ उपासमारीचा आहार देऊन हा काळ थोडा लांबवत, पण मुले अक्षरशः हाडांचे सापळे होत.

टोरोंटोच्या लेनर्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाचे वजन जानेवारी १९२२ मध्ये जेमतेम २९ किलो होते. ११ जानेवारीला त्याला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता आणि त्याचा विशेष उपयोग झाला नाही. कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अर्क अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून इंजेक्शने पुन्हा सुरू झाली. या वेळी १०० मिलिलिटर रक्तातली साखर ५२० मिलिग्रॅमवरून १२० पर्यंत उतरली. लेनर्ड पुढे १९३५ पर्यंत जगला.

इन्सुलिन सर्वत्र मिळू लागले तसे डॉक्टरांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट येऊ लागली. काही रुग्णांची साखर थोड्याशा इन्सुलिनने झरकन उतरे. काहींना भरपूर दिले तरी फरक पडत नसे. आजार जर केवळ इन्सुलिनच्या अभावाचा असेल, तर असे का व्हावे?

लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ या तरुण डॉक्टराने यासाठी एक साधा प्रयोग रचला. रुग्णाला तोंडाने ग्लुकोज द्यायचे आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन टोचायचे, मग ठरावीक अंतराने रक्तातली साखर मोजायची. काही रुग्णांत इन्सुलिनने साखरेची वाढ दाबून टाकली. काहींत इन्सुलिन असूनही साखर चढतच गेली. १९३६ मध्ये हिम्सवर्थने निष्कर्ष मांडला, की मधुमेह दोन प्रकारचा आहे : इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा. दाद देणारे रुग्ण बहुधा तरुण आणि कृश होते, न देणारे बहुधा प्रौढ आणि स्थूल. या वाक्यातला 'बहुधा' हा शब्द आपण ध्यानात ठेवू या.

१९५१ मध्ये बोर्नस्टीन आणि लॉरेन्स यांनी रुग्णांच्या रक्तद्रवाचा परिणाम मधुमेही केलेल्या उंदरांवर तपासला. एका गटाच्या रक्तात इन्सुलिन सापडले नाही, दुसऱ्या गटाच्या रक्तात ते होते. यातले रॉबिन लॉरेन्स हे स्वतः मधुमेही होते आणि इन्सुलिनमुळेच वाचले होते. आजार झाला तेव्हा ते २८ वर्षांचे डॉक्टर होते, लहान मूल नव्हते. इन्सुलिनचा अभाव हा केवळ बालवयाचा आजार नाही, याचे उदाहरण असे संशोधकाच्याच रूपाने समोर होते.

१९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेच्या साह्याने रक्तातले अत्यल्प इन्सुलिनही मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हे, उलट निरोगी माणसापेक्षा जास्त आढळले. इन्सुलिन होते, पण शरीर त्याला दाद देत नव्हते. या पद्धतीसाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

वयाचे लेबल

एवढे सगळे कळूनही रोजच्या व्यवहारात इन्सुलिन मोजणे सोपे नव्हते. वय विचारणे मात्र अगदी सोपे. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत 'बालवयात सुरू होणारा' आणि 'प्रौढवयात सुरू होणारा' अशी नावे रूढ झाली. मुलाला मधुमेह झाला की इन्सुलिन आणि चाळिशीनंतर झाला की गोळ्या, असा ठोकताळा बसला. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तो चालत असल्यामुळे त्याच्याविषयी कुणी फारशी शंका घेतली नाही.

दरम्यान मुलांमधल्या मधुमेहाचे कारण उलगडत होते. १९६५ मध्ये ब्रसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी आजार सुरू झाल्यावर लवकरच दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी फारच थोड्या उरल्या होत्या, आणि १५ जणांच्या पेशीसमूहांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घुसलेल्या दिसल्या. १९७४ मध्ये लंडनमध्ये बोटात्सो आणि सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या रक्तात याच पेशीसमूहांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटते, हे यातून स्पष्ट होत गेले.

कारण कळल्यावर नावे बदलणे भाग होते. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने वयाची नावे सोडून 'इन्सुलिनवर अवलंबून असलेला' आणि 'नसलेला' अशी उपचारावरची नावे दिली. तीही पुरी पडेनात, कारण दुसऱ्या प्रकारच्या अनेक रुग्णांनाही पुढे इन्सुलिन लागते. अखेर १९९७ मध्ये कारणावर आधारलेले 'टाइप १' आणि 'टाइप २' हे वर्गीकरण पक्के झाले. उपाशीपोटी साखरेची निदानाची मर्यादाही तेव्हाच १४० वरून १२६ वर आणली गेली.

लेबल कुठे फसते?

वयावरून काढलेला निष्कर्ष चार ठिकाणी फसतो. चारही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले ठिकाण तरुणांमधल्या सौम्य मधुमेहाचे. १९७४ मध्ये लंडनच्या रॉबर्ट टॅटरसॉल यांनी अशी काही कुटुंबे वर्णिली, की ज्यांत मधुमेह तरुणपणीच सुरू झाला होता, पण तो वर्षानुवर्षे सौम्य राहिला होता आणि पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. या प्रकाराच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'मोडी' असा शब्द होतो. आपल्या मोडी लिपीशी त्याचा अर्थातच संबंध नाही. हा आजार एकाच जनुकातल्या बदलाने होतो आणि आई किंवा वडिलांकडून तो निम्म्या मुलांत उतरण्याची शक्यता असते. मेंडेलचे नियम शिकवताना वाटाण्याच्या जोडीला देता येईल असे हे उदाहरण आहे. मोडीच्या काही प्रकारांत गोळ्या पुरतात, तर एका प्रकारात सहसा कसल्याच औषधाची गरज नसते.

सहा महिन्यांच्या आत होणारा मधुमेह तर टाइप १ क्वचितच असतो. त्यातल्या अनेक बाळांत एका विशिष्ट जनुकाचा दोष असल्याचे २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी दाखवले. २००६ मध्ये असा दोष असलेल्या ४९ रुग्णांना इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, आणि ४४ जणांचे इन्सुलिन बंद करता आले. जन्मभर टोचून घ्यावे लागेल असे ज्यांना सांगितले गेले होते, त्यांची सुटका केवळ नेमक्या निदानाने झाली.

दुसरे ठिकाण याच्या नेमके उलट, म्हणजे प्रौढांमधल्या टाइप १ चे. ब्रिटनमधल्या मोठ्या लोकसंख्येच्या जनुकीय माहितीवरून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्याच्या पहिल्या साठ वर्षांत होणाऱ्या टाइप १ च्या रुग्णांपैकी ४२ टक्के रुग्णांना तो तिशीनंतर झाल्याचे त्यात दिसले. पण तिशी ते साठीत मधुमेह झालेल्या सर्वांमध्ये हे रुग्ण फक्त ४ टक्के होते. शंभरांतले ते चौघे शहाण्णवांच्या गर्दीत हरवतात. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांचेच उदाहरण पाहा. २०१२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांना मधुमेहाचे निदान झाले. सुरुवातीला तो टाइप २ मानला गेला. गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा पुढच्या तपासण्यांत तो टाइप १ निघाला.

तिसरे ठिकाण मुलांमधल्या टाइप २ चे. अमेरिकेतल्या पिमा आदिवासींच्या तरुण पिढीत तो १९७० च्या दशकातच दिसला होता. टोकियोत त्याच दशकात शाळकरी मुलांच्या लघवीतली साखर तपासायला सुरुवात झाली, आणि कोणतीही लक्षणे नसलेली टाइप २ ची मुले सापडू लागली. अमेरिकेतल्या सिनसिनाटी भागात किशोरवयीनांमधील टाइप २ चे प्रमाण १९८२ ते १९९४ या काळात दसपट झाल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढलेले वजन आणि कमी झालेली हालचाल हे त्यामागचे मोठे कारण.

चौथे ठिकाण आपल्या घरचे आहे. 'कृश म्हणजे टाइप १, स्थूल म्हणजे टाइप २' हा युरोपातला ठोकताळा भारतात नीट लागू पडत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडची बाळे वजनाने बरीच कमी, सरासरी २.७ किलोची होती, तर तिकडची ३.५ किलोची. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक आणि तरी चरबी अधिक, अशा शरीराला इन्सुलिन दाद देईनासे होते ते कमी वजनावरच. त्यामुळे आपल्याकडे तिशीतल्या सडपातळ माणसालाही टाइप २ होतो.

याशिवाय बालपणीच्या कुपोषणाशी जोडलेला एक प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान दिले, १९९९ मध्ये ते काढून घेतले. वेल्लोरच्या रुग्णांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' असे नाव दिले. त्याविषयीची चर्चा अजून संपलेली नाही.

मग आज निदान कसे करतात?

शंका असेल तेव्हा डॉक्टर आता मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. एक म्हणजे प्रतिपिंडे. ती सापडली तर शरीराने बीटा पेशींवर हल्ला केला आहे, म्हणजे टाइप १, असे बहुधा म्हणता येते. दुसरी म्हणजे सी-पेप्टाइड. १९६७ मध्ये डोनल्ड स्टायनर यांना आढळले, की बीटा पेशी आधी एक लांब साखळी तयार करतात आणि ती तोडून इन्सुलिन बनवतात. तोडताना मधला तुकडा सुटा होतो, तो हा सी-पेप्टाइड. जितके इन्सुलिन तयार होईल तितकाच हा तुकडा. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर तो येत नाही. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड किती काम करते आहे, हेही त्यावरून कळते.

म्हणजे वय निरुपयोगी ठरले काय? नाही. वय आजाराचा प्रकार खात्रीने सांगत नाही, पण शक्यता सांगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती घाई करायची ते सांगते. मोठ्यांमधला टाइप २ हळूहळू येतो. कित्येकदा तो डोळ्यांच्या किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत अचानक कळतो. तिथे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी सोयीची असते. मुलांमधला टाइप १ मात्र लक्षणे दिसू लागल्यावर काही आठवड्यांत, कधी काही दिवसांत उग्र होतो. एवढ्या थोड्या काळात सरासरी फारशी चढलेली नसण्याची शक्यता असते. म्हणून मुलाचा संशय आला तर त्याच दिवशी, उपाशीपोटाची वाट न पाहता रक्तातली साखर तपासायची असते. लक्षणे असताना कोणत्याही वेळची साखर २०० किंवा अधिक असली की निदान झाले.

ही घाई कशासाठी? इन्सुलिन नसले की पेशींना ग्लुकोज वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते आणि आम्लधर्मी कीटोन रक्तात साठतात. मुलाला उलट्या होतात, पोट दुखते, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. श्वास खोल आणि जलद होतो. या श्वासाचे वर्णन जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७४ मध्येच केले होते. पोटदुखीला अपेंडिक्स आणि श्वासाला न्यूमोनिया समजून दिवस वाया गेले, तर मूल बेशुद्ध होऊन दगावू शकते.

इथे शाळेचा संबंध येतो. इटलीतल्या पार्मा प्रांतात १९९१ मध्ये डॉक्टरांनी १७७ शाळांमधून एक भित्तिपत्रक लावले. मुलाला फार तहान लागते का, ते वारंवार लघवीला जाते का, अंथरूण ओले करणे थांबलेले मूल पुन्हा करू लागले आहे का, याकडे लक्ष द्यावे, एवढाच त्याचा रोख होता. परिसरातल्या बालरोगतज्ज्ञांना साखर तपासण्याची साधने दिली गेली. त्याआधी ६ ते १४ वर्षांच्या नव्या रुग्णांपैकी ७८ टक्के मुले कीटोन साठलेल्या गंभीर अवस्थेत रुग्णालयात येत. १९९७ पर्यंतच्या काळात हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही.

वर्गात सारखी पाण्याची बाटली रिकामी करणारे, तासातासाला लघवीला जाण्याची परवानगी मागणारे, भरपूर खाऊनही महिन्याभरात गणवेश सैल होऊ लागलेले मूल शिक्षकांना पालकांइतकेच दिसते. त्याला दटावण्याआधी त्याच दिवशी पालकांना बोलावून रक्तातली साखर तपासायला सांगावे. कोणता मधुमेह आहे हे प्रयोगशाळा नंतर सावकाश ठरवील. तो असण्याची शंका मात्र वेळेवर कुणाला तरी यावी लागते.